उबरहंडे साहेबांची पांदण

आधी माफी मागते. ज्या माणसाबद्दल लिहायला बसले आहे त्यांनी आयुष्यभर शब्द तोलून वापरले, आणि माझ्या एका न तोललेल्या वाक्याने त्यांचं काम बिघडलं. म्हणून हे खरं तर दुसऱ्या कोणी लिहायला हवं होतं. आमच्या घरात सातबारा, रेशनकार्ड आणि लग्नपत्रिका सोडून कागदावर नाव यायची पद्धत नाही. कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "तू लिही, शुद्धलेखन मी बघते." तरी दोन महिने मी टाळलं. पण मागच्या आठवड्यात आमच्या वस्तीच्या रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी पाटी लागली. तिच्यावर पुढाऱ्यांची पाच नावं आहेत. उबरहंडे साहेबांचं नाव नाही. पाटी वाचून घरी आले आणि वही उघडली.

साहेब आमच्याच भागातले. जानेफळच्या जवळच्या एका खेड्यात जन्मले, मेहकरला शिकले, पुढे दिल्लीची परीक्षा देऊन परराष्ट्र खात्यात गेले. कोणकोणत्या देशांत राहिले ते सगळं मला सांगता येणार नाही. शेवटी एका लहान देशात भारताचे राजदूत होते, एवढं नक्की. बायको वारल्यावर मुलीने बंगळुरूला बोलावलं, पण ते गावी परत आले आणि वडिलांच्या दोन खोल्यांच्या घरात राहू लागले. पूर्वी आमच्याकडे राजदूत नावाची मोटरसायकल पुष्कळांकडे होती. त्यामुळे पारावरची मंडळी त्यांना बघून म्हणायची, "राजदूत आला बे! किक मारून पाह्य, चालू होते काय." साहेब थांबायचे आणि म्हणायचे, "होते ना. पण थंडीत चोक ओढा लागते." मग पुढे निघून जायचे. ज्यांनी टोमणा मारला तेच हसत बसायचे.

उंचीला बेताचे. पांढरा बुशशर्ट, इस्त्रीची पँट, पायांत कॅनव्हासचे बूट आणि हातात छत्री. ऊन नसलं, पाऊस नसला तरी छत्री. "नाही" असं सरळ ते म्हणत नसत, "आज नाही" म्हणत. बाजारात वांग्याचा भाव पटला नाही तरी "आज नाही". कोणी म्हणालं की अमक्याची आणि तमक्याची बोलणी तुटली, तर लगेच दुरुस्त करायचे, "थांबली म्हणा. तुटलेली वस्तू कोणी परत हातात घेत नाही." मला तेव्हा हे सगळं मोठ्या लोकांचं बोलणं वाटायचं, फार समजायचं नाही.

मी त्यांना पहिल्यांदा बघितलं ते आमच्या कॉलेजात. त्यांचं व्याख्यान ठेवलं होतं. स्टेजमागच्या फलकावर लिहिलं होतं, "ज्येष्ठ राजनैतिक अधिकाऱ्यांच्या अनुभवातून वाटाघाटीचे धडे". अकराला सुरू होणारा कार्यक्रम बाराला सुरू झाला. मग सत्कार. संस्थेच्या लोकांचे, त्यांच्या पाहुण्यांचे, माजी विद्यार्थ्यांचे, इतकंच काय, मंडपवाल्याचाही. प्रत्येकाला शाल, नारळ, टाळ्या, फोटो. ज्यांना ऐकायला आम्हाला बसवलं होतं ते साहेब शेवटच्या खुर्चीवर गुडघ्यांवर छत्री ठेवून बसले होते. त्यांच्या वाट्याला बारा मिनिटं आली. मला इतका राग आला होता की मी घड्याळ बघून ती मिनिटं मोजली.

त्या बारा मिनिटांत त्यांनी एकच गोष्ट सांगितली. "समोरच्या माणसाशी बोलायला बसलात की मनातल्या मनात एक प्रश्न विचारा. हा घरी जाऊन काय सांगेल? मंत्री असला तरी त्याला घर असतं. त्याच्या घरात त्याची बायको असते, भाऊ असतो, विरोधक असतो. तिथं मान वर करून सांगता येईल असं काही तुम्ही त्याच्या हातात दिलं नाही, तर त्याने केलेली सही चार दिवसही टिकत नाही."

टाळ्या झाल्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर मागून एकाने विचारलं, "सर, व्हिसा लवकर काढून देता येते काय?" सगळे हसले. साहेबांनी त्यालाही नीट उत्तर दिलं.

मी प्रश्न विचारायला उठले नाही. माझं धाडसच नव्हतं. पण ते गेटकडे जाताना मी मागे धावले आणि घाईत घरच्याच बोलीत बोलले, "सर, तुम्ही जे सांगतलं ते पांदणीच्या भांडणाले लागू होते काय?"

ते थांबले. म्हणाले, "कोणती पांदण?"

पांदण म्हणजे शेतांच्या मधून जाणारी जुनी गाडीवाट. आमच्या मळ्याच्या वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत एकच पांदण आहे. तिच्या एका अंगाला गुलाबरावांचं शेत, दुसऱ्या अंगाला शेषरावांचं. दोघंही मोठे जमीनदार. काही वर्षांपूर्वी पोळ्याला मारुतीपुढच्या तोरणाखालून मानाचा बैल कोणाचा जाणार यावरून त्यांची जुंपली. मान गुलाबरावांच्या घराण्याचा. शेषराव म्हणाले, वर्षाआड घेऊ. काठ्या निघाल्या. तेव्हापासून दोघांनी आपापली काटेरी कुंपणं पांदणीत सरकवायला सुरुवात केली. एकाने हातभर सरकवलं की दुसरा दोन हात. शेवटी गाडीवाटेची पायवाट झाली आणि पावसाळ्यात त्या पायवाटेत गुडघाभर चिखल.

मान त्यांचा आणि चिखल आमचा. त्या दोघांची घरं डांबरी रस्त्यालाच आहेत. आमची वस्ती भाजीवाल्यांची. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या आणि वांग्याची पोती डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत जायचे. वस्तीतल्या मुली दहावी झाली की घरी बसायच्या, कारण सकाळची एसटी गाठायला त्या चिखलातून निघणं होत नव्हतं. मी मेहकरला मावशीकडे राहून शिकले. मावशीचं घर एका खोलीचं, तिथे दुसरी मुलगी मावणार नव्हती. माझी धाकटी बहीण वर्षा तेव्हा दहावीला होती. दादांनी सरळ सांगून ठेवलं होतं, "पांदण मोकळी झाली त धाडीन कॉलेजात. नाई त पाव्हणे विचारून राह्यलेच हायेत." म्हणजे वर्षाचं शिक्षण त्या पायवाटेवर अडलं होतं.

मी एवढं सांगितलं. साहेबांनी मान हलवली आणि गेटबाहेर पडले. मला वाटलं, विषय संपला. पण पुढच्या रविवारी ते छत्री घेऊन वस्तीवर हजर.

त्यांनी पांदण या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालून बघितली. वस्तीतले लोक जमले. सगळ्यांचं एकच म्हणणं, "साहेब, तुमची वळख वरपर्यंत हाये. तहसीलदाराले फोन लावा, जेसीबी बोलवा."

"तहसीलदार एका दिवसात मोकळी करून देतील," साहेब म्हणाले. "पण दररोज सकाळी ते इथं उभे राहणार आहेत काय?"

एक म्हातारे म्हणाले, "मंग पह्यले पोळ्याचा मान मिटवा. झगड्याचं मूळ थे हाये."

"पोळ्याला मी हात लावणार नाही," साहेब म्हणाले. "ते भांडण त्या दोघांना पाहिजे आहे. राहू द्या त्यांच्याजवळ. आपण रस्त्याचं तेवढं बघू."

त्यानंतर ते गुलाबरावांकडे आणि शेषरावांकडे जाऊ लागले. एकदा दादांबरोबर मीही होते. गुलाबराव ओट्यावर खाटेवर बसलेले. म्हणाले, "साहेब, तुम्ही कायले उन्हातान्हात फिरून राह्यले? त्या शेषरावाले सांगा, पह्यले तू काट्या काढ."

"सांगतो ना. ते काय म्हणतील?"

"थो? थो म्हणीन, पह्यले गुलाबरावाले सांग."

"मग तुम्ही दोघं एकच बोलून राह्यले की."

गुलाबराव हसले नाहीत. पण आत तोंड करून ओरडले, "अवं, चहा ठेव साहेबासाठी."

चहाचाही साहेबांचा नियम होता. गुलाबरावांकडे एक कप घेतला तर शेषरावांकडेही एकच. एकाकडे पोहे खाल्ले तर दुसऱ्याकडे भूक नसतानाही पोहे. त्यांना साखरेचा आजार होता. मी एकदा म्हणाले, "साहेब, बिनसाखरेचा मागा ना." तर म्हणाले, "एकाकडे गोड आणि दुसऱ्याकडे बिनसाखरेचा झाला तर गावभर होईल. गोळी वाढवतो मी."

खरी अडचण विहिरीची निघाली. तलाठ्याकडच्या नकाशात बघितलं तर शेषरावांच्या विहिरीचा काठ पांदणीत येत होता. विहीर तर हलवता येत नाही. म्हणजे तेवढ्या जागी रस्त्याला वळण घेऊन गुलाबरावांच्या शेतात शिरावं लागणार. या वळणावर दोन महिने गेले. साहेबांनी गुलाबरावांना जमीन मागितलीच नाही. त्यांनी फक्त विचारलं, "समजा वळण घेतलं, तर घरी काय सांगाल?"

"घरी काय सांगू? पोरं म्हणतीन, बाप वाकला."

"आणि कागदावर जमीन कोणाची ते लिहिलंच नाही तर? कोणी ते बोललंच नाही तर?"

गुलाबरावांनी अडकित्ता उचलून सुपारी कातरली. मग म्हणाले, "कोनीच बोललं नाई पायजे."

उन्हाळ्यात बैठक ठरली ती शाळेच्या एका खोलीत. त्या खोलीला दोन दारं आहेत म्हणून साहेबांनी तीच निवडली. आधी कोण आत येणार हा प्रश्नच उरला नाही, दोघं दोन दारांतून एकाच वेळी आले. माझं अक्षर बरं म्हणून कागद मी लिहिले. दोन प्रती. गुलाबरावांच्या प्रतीत त्यांचं नाव आधी, शेषरावांच्या प्रतीत शेषरावांचं. साहेब म्हणाले, मोठमोठ्या देशांचे करारही असेच लिहितात, यात लाजण्यासारखं काही नाही. वळणाबद्दल एवढंच वाक्य होतं, "रस्ता विहिरीपाशी थोडा वळेल." दोघांनी पहिली ओळ वाचली, आपलं नाव पुढे आहे ते बघितलं आणि सही केली. पुढचं वाचल्यासारखं केलं.

उठताना साहेब खोलीतल्या आम्हा सहा-सात जणांना म्हणाले, "कोणी काय दिलं हे याच खोलीत राहू द्या. माझ्यासाठी एवढं करा."

आता लिहायचं आहे ते माझ्या चुकीचं. दुसऱ्या दिवशी मी एसटीने मेहकरला जात होते. शेजारी माझी मैत्रीण शुभांगी होती. मला इतका आनंद झाला होता की मी म्हणाले, "पांदण झाली गं. गुलाबकाकांनी खरंच मोठं मन केलं, जागा त्यांनी दिली." मला त्यांचं कौतुक करायचं होतं. मनात एवढंच होतं. पण शुभांगी ही आमच्या भागातले पुढारी बंडूभाऊ यांची पुतणी. तिनेही ते कौतुकानेच घरी सांगितलं.

तिसऱ्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स लागला. अर्ध्या फ्लेक्सवर हात जोडलेले बंडूभाऊ. उरलेल्या अर्ध्यात: "आमचे मार्गदर्शक बंडूभाऊ यांच्या शब्दाला मान देऊन, मोठ्या मनाने माघार घेत रस्त्यासाठी स्वतःची जमीन देणारे श्री. गुलाबराव यांचा जाहीर सत्कार." बंडूभाऊंनी त्या पांदणीत कधी पाय ठेवला नव्हता. ते कोणाच्या ओट्यावर बसले नव्हते. पण आमच्याकडे कोणतंही काम झालं की कोणाला तरी शाल घालावीच लागते, त्याशिवाय काम झालं असं वाटतच नाही. शाल कोणाच्या गळ्याला काचते, हे बघायचं कोणाला सुचत नाही.

दुपारपर्यंत शेषरावांच्या पुतण्यांनी त्या फ्लेक्सचा फोटो मोबाईलच्या स्टेटसला लावला. खाली लिहिलं, "शेवटी वाकलेच!" गुलाबरावांच्या मोठ्या मुलाने तो बापाच्या पुढ्यात धरला. गुलाबरावांनी आपली प्रत फाडली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गड्यांनी पांदणीत नव्या काट्या आणून टाकल्या, आधीपेक्षा दुप्पट. ते बघून शेषरावांनीही टाकल्या.

दादा रागाने बंडूभाऊंकडे गेले. बंडूभाऊ म्हणाले, "अरे, सत्कारच करून राह्यलो ना भाऊ? शिव्या त नाई देल्या कोनाले! चांगल्याचा जमानाच नाई राह्यला."

आणि दोष कोणाला मिळाला? साहेबांना. पारावर म्हणू लागले, "फॉरेनचं डोकं इथं नाई चालत." बंडूभाऊ एका सभेत म्हणाले, "साहेबांबद्दल आदर आहे, परंतु त्यांना ग्रामीण प्रश्नांची जाण नाही." जो माणूस चार महिने दोन्हीकडचा चहा पिऊन गोळ्या वाढवत होता, त्याला जाण नाही. आणि आमच्या वस्तीतल्या, ज्यांच्यासाठी हे चाललं होतं त्या माणसांनी, मान डोलावली. हे मी कोणालाच माफ करू शकत नाही, दादांनाही नाही. त्या दिवशी तेही गप्प बसले होते.

मी साहेबांच्या घरी गेले. ते अंगणात दगडावर बसून बूट धूत होते. मी सगळं सांगितलं, एसटीतलं वाक्यही. मला वाटलं, ते म्हणतील, जाऊ दे, चुकून झालं.

त्यांनी ब्रश खाली ठेवला. म्हणाले, "एका बंदरात आपले काही खलाशी अडकवून ठेवले होते. मी तेव्हा ज्येष्ठ अधिकारी झालो होतो, अनुभव होता, अक्कल आली आहे असं वाटत होतं. तिथल्या अधिकाऱ्याच्या कचेरीबाहेर बाकड्यावर तीन दिवस बसून मी त्याला राजी केलं. उद्या सोडतो म्हणाला. बाहेर आलो तर एक पत्रकार भेटला. मी आनंदात बोलून गेलो, आमचं म्हणणं त्यांनी मान्य केलं. सकाळी ते तिथल्या वर्तमानपत्रात आलं. त्या अधिकाऱ्याला त्याच्या वरच्याने विचारलं, तू त्यांच्यापुढे झुकलास का? खलाशी आणखी बत्तीस दिवस आत राहिले."

"मग तुम्ही काय केलं?"

"मी ते दिवस मोजले. तूही मोज."

आणि परत बूट धुवायला लागले. मी रडत घरी आले. खरं सांगायचं तर काही दिवस मला त्यांचाही राग आला होता. एवढे मोठे साहेब, दोन शब्द गोड बोलले असते तर काय बिघडलं असतं? आज वाटतं, ते गोड बोलले असते तर मी ते विसरले असते.

वर्षा चांगल्या गुणांनी दहावी पास झाली. पावसाळा लागला. अकरावीचे फॉर्म निघाले, भरले गेले, तारीख गेली. दादा म्हणाले, "यंदा राह्यू दे." त्या घरात मी शिकलेली असूनही माझ्या शब्दाला वजन नव्हतं, आणि कोणत्या तोंडाने मी बोलणार होते? पाव्हणे बघायला यायचे ठरले. वर्षाला साडी नेसवली, पोहे केले. पण त्यांची गाडी पांदणीच्या तोंडाशीच चिखलात रुतली. नवऱ्या मुलाच्या मामाचा बूट चिखलात राहिला तो राहिलाच. मामा तिथूनच फोनवर म्हणाले, "पोरगी राह्यू द्या, पह्यले आमचा जोडा काढून द्या." आणि परत गेले. त्या चिखलाने आमच्यावर केलेला एवढा एकच उपकार.

साहेब मात्र थांबले नव्हते. पाऊस असो, उघडीप असो, दर बुधवारी ते गुलाबरावांच्या ओट्यावर जाऊन बसायचे आणि दर गुरुवारी शेषरावांच्या. काही बोलायचे नाहीत. रस्त्याचं नावही नाही. पीकपाण्याचं विचारलं तर उत्तर द्यायचे. शेषराव निदान या-बसा म्हणायचे. गुलाबरावांकडे आता चहा नव्हता, खाट नव्हती. गुलाबराव त्यांना बघून आत निघून जायचे. साहेब ओट्याच्या कडेला, जिथे वळचणीचं पाणी पडतं, तिथे तासभर बसायचे आणि उठून यायचे. शाळेतली मुलं लांबून ओरडायची, "किक मार, किक मार!"

एकदा मी त्यांना वाटेत गाठलं. मला राहवलं नाही. "साहेब, तुम्ही राष्ट्रपतींच्या शेजारी बसलेले माणूस. हे लोक तुम्हाले पाणी विचारत नाहीत अन् तुम्ही काऊन जाता?"

"त्यांचा अपमान झाला आहे," ते म्हणाले. "तो त्यांना कुठेतरी ठेवायचा आहे. माझ्यावर ठेवत आहेत. ठेवू दे. मला त्यांच्यासारखं घरी जाऊन कोणाला काही सांगायचं नाही."

मला ते पटलं नाही. अजूनही पुरतं पटत नाही. एका चांगल्या माणसाला इतकं वाकावं का लागावं, आणि फ्लेक्स लावणाऱ्याला का लागू नये, याचं उत्तर त्यांनी दिलं नाही.

त्यांना मी शेवटचं बघितलं तेही बुधवारीच. दिवाळीच्या सुट्टीला मी घरी येत होते. अवेळी पाऊस भुरभुरत होता. साहेब गुलाबरावांच्या ओट्यावर उभे राहून धोतराच्या जुन्या तुकड्याने चष्मा पुसत होते. गुलाबराव दिसत नव्हते. दार अर्धं लोटलेलं होतं. तेवढ्यात त्या दारातून एक लाकडी स्टूल बाहेर सरकलं. कोणाचा तरी हात दिसला आणि लगेच आत गेला. साहेबांनी स्टुलाकडे बघितलं, छत्री भिंतीला टेकवली, आणि बसले.

चार दिवसांनी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. मुलगी येऊन बंगळुरूला घेऊन गेली. सुट्टी संपेपर्यंत मला ते कळलंही नाही.

पांदण त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी, तूर काढणीच्या आधी मोकळी झाली. एका सकाळी ट्रॅक्टरचा आवाज आला म्हणून वस्तीतले लोक बाहेर आले, तर एक जण आपल्या बाजूच्या काट्या ओढत होता. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूचाही ट्रॅक्टर आला. दोघं एकमेकांशी अक्षरही बोलले नाहीत. दुपारपर्यंत दोन्ही कुंपणं मागे गेली आणि विहिरीपाशी रस्ता वळला. कोणाचा ट्रॅक्टर आधी आला, हे मला माहीत आहे. वस्तीवर त्यावरून अजून वाद होतात. मी ते इथे लिहिणार नाही आणि कोणालाही सांगणार नाही.

पुढे एकदा बाजारात दादांनी भीतभीत गुलाबरावांना विचारलं होतं. गुलाबराव म्हणाले, "म्हतारा इतले दिस बसला, एक सबद नाई बोलला. बोलला अस्ता त मी नाई म्हणलो अस्तो." आणि पुढच्या दुकानात गेले.

बंडूभाऊंनी रस्त्यावर मुरूम टाकला म्हणे, आणि आता पाटी लावली.

पाटी वाचून आले त्या दिवसापासून हे लिहिते आहे. इथपर्यंत आल्यावर मनात आलं, साहेबांना हे कोणी कळवलं? दादांना विचारलं. ते म्हणाले, "सरपंचानं कळवलं असन." सरपंचांना विचारलं. ते म्हणाले, "तुमच्या वस्तीवाल्यांनी केला असन ना फोन." मी वस्तीतल्या घरोघरी जाऊन विचारलं. वीस-बावीस घरं आहेत. सगळी त्या रस्त्याने जातात, येतात, लग्नाच्या वराती नेतात. एकाही घरातून फोन गेला नव्हता. पांदण मोकळी होऊन नऊ महिने झाले होते. मीही केला नव्हता. मला त्यांना तोंड दाखवायची लाज वाटत होती, आणि मी स्वतःला सांगत होते की त्यांना कळलंच असेल.

काल प्राचार्यांकडून त्यांच्या मुलीचा नंबर मिळवला आणि फोन लावला. मुलगी म्हणाली, "त्यांना सगळं ऐकू येतं, समजतं. बोलणं मात्र आता मलाच कळतं. बोला तुम्ही, मी फोन कानाशी धरते."

मी सांगितलं. काट्या निघाल्या, दोन्ही बाजूंच्या, एकाच दिवशी. गाडी वस्तीपर्यंत येते. वर्षाचं एक वर्ष गेलं, पण यंदा ती अकरावीला आहे, रोज सकाळच्या एसटीने जाते. फ्लेक्स लागल्यापासून काट्या निघेपर्यंत मोजलेले दिवसही मी सांगितले. पलीकडून काही अडखळते आवाज आले, आणि मुलीने फोन घेतला.

"बाबा विचारतात, विहिरीपाशी वळणावर पाणी साचतं का?"

मी म्हणाले, "हो, साचतं. एका अंगाला..."

"थांबा," ती म्हणाली. परत ते आवाज. मग ती हसू दाबत म्हणाली, "बाबा म्हणतात, कोणाच्या अंगाला साचतं ते सांगू नका. दोघांनाही एकेक ट्रॉली मुरूम टाकायला सांगा."